ओहमचा नियम, वऱ्हाडचा कापूस आणि जळणारी मोटार

#थ्रेड #इतिहास #यवतमाळ

१.
शेतीपंपाची मोटार जळणे ही यवतमाळ जिल्ह्यात ऋतुमानाइतकी नियमित घटना आहे. रब्बीचा हंगाम सुरू झाला, हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्याची घाई झाली, की रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे मोटारी येऊन पडू लागतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. कोणी म्हणतो लाईन खराब, कोणी म्हणतो शेतकरी निष्काळजी. या दोन उत्तरांवर चर्चा संपते. माझे मत असे की ती येथून सुरू व्हायला हवी, आणि तिची सुरुवात इतिहासाच्या विद्यार्थ्याने करायला हवी.

२.
या थ्रेडमध्ये मी दोन गोष्टी मांडणार आहे. पहिली, शाळेत आपण ‘ओहमचा नियम’ म्हणून जे पाठ करतो त्याला नियमाची प्रतिष्ठा समुद्रतळाशी टाकलेल्या तारांनी दिली, आणि त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला वऱ्हाडचा कापूस होता. दुसरी, जे पदार्थ आणि जी यंत्रे हा नियम पाळत नाहीत त्यांना ‘अपवाद’ मानण्याच्या सवयीमुळे आपण विज्ञानाचा इतिहासही चुकीचा वाचतो आणि जळालेल्या मोटारीचा दोषही चुकीच्या माणसावर टाकतो.

३.
आधी संज्ञा स्पष्ट करू. तारेच्या दोन टोकांमधील विद्युत दाबाचा फरक म्हणजे विभवांतर; ते व्होल्टमध्ये मोजतात. त्या दाबामुळे वाहते ती धारा, ती अँपिअरमध्ये. वाहक त्या धारेला जो अडथळा करतो तो रोध, तो ओहममध्ये. तापमान कायम असताना विभवांतर दुप्पट केले की धारा दुप्पट, तिप्पट केले की तिप्पट, असे ज्या वाहकात घडते तो ओहमीय. त्याचा आलेख काढला तर सरळ रेषा येते. ज्याचा आलेख वाकतो, मध्येच उसळी घेतो किंवा एका दिशेने वेगळा व दुसऱ्या दिशेने वेगळा येतो, तो अन-ओहमीय.

४.
गेओर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १७८९ मध्ये जर्मनीतील एर्लांगन येथे, एका कुलूपकाराच्या घरी झाला. कोलोनच्या शाळेत शिकवीत असताना त्यांनी तारांवर प्रयोग आरंभले. १८२५ मधील पहिले प्रयत्न नीट जमले नाहीत, कारण त्या काळचा विद्युतघट काही क्षणांतच मंदावत असे. दाबच स्थिर नसेल तर धारेचा हिशेब कसा लागणार? पोगेनडोर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी घट सोडला आणि बिस्मथ व तांबे यांची जोडणी वापरली. तिचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. दोन्हींचे तापमान अढळ, म्हणून विद्युत दाबही अढळ. मग वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि टांगलेली चुंबकसूची किती वळते ते मोजले. तार जितकी लांब तितकी धारा कमी, आणि ती एका निश्चित प्रमाणात कमी. हे १८२६ चे काम. त्यावरचा ग्रंथ १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला.

५.
येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ओहम यांच्या प्रयोगात फक्त धातूच्या तारा होत्या. त्यांच्या समीकरणात मुख्य राशी तारेची लांबी ही होती. निसर्गातील प्रत्येक वाहक असाच वागतो, असे त्या प्रयोगाने सिद्ध झाले नव्हते. होऊही शकत नव्हते. धातूंच्या वर्तनाचा तो अत्यंत अचूक सारांश होता. सारांश आणि नियम यांतले अंतर पुढल्या चाळीस वर्षांत पुसले गेले. ते कोणी पुसले, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

६.
प्रचलित कथा सांगते की ओहम यांची जर्मनीत उपेक्षा झाली आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक देऊन त्यांना न्याय दिला. कथेत तथ्य आहे. त्यांना अपेक्षित पद मिळाले नाही, टीकाही कडवट झाली. पण ही कथा अपुरी आहे. फेखनर यांनी १८३१ मध्येच हे निष्कर्ष प्रयोगांनी पडताळले होते आणि जर्मनीतील काही उत्तम मापनकार ते वापरीत होते. इंग्लंडमध्ये ग्रंथाचे भाषांतर १८४१ चे, आणि व्हीटस्टन यांनी तो विचार रुळवला तो १८४३ मध्ये. हे व्हीटस्टन तारायंत्राच्या उद्योगातले होते. मला हा योगायोग वाटत नाही. ज्यांना मैलोन्मैल तार टाकायची होती, त्यांनाच ‘तार लांबली की धारा किती घटते’ हे जाणण्याची निकड होती.

७.
तरीही एक अडचण होती: रोध मोजायचा कशात? प्रत्येक प्रयोगशाळेची स्वतःची तार, स्वतःचे माप. बर्लिनच्या माणसाने ‘माझ्या तारेच्या दहा पट’ म्हटले तर लंडनच्या माणसाला काय कळणार? मराठवाड्याचा शेर वेगळा आणि वऱ्हाडची पायली वेगळी असताना दोन बाजारांचे भाव जुळवण्यासारखे ते होते. वेर्नर झीमेन्स यांनी १८६० मध्ये एक तोड सुचवली: एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ, शून्य अंश सेल्सिअस तापमानाला; त्याचा रोध म्हणजे एक एकक. हे माप कोणीही कोठेही पुन्हा उभारू शकत असे.

८.
भारतात तारायंत्राचा पाया विल्यम ओशॉनेसी यांनी घातला. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर मार्ग सुरू झाला आणि १८५४ पर्यंत कलकत्ता व मुंबई आग्र्यामार्गे जोडली गेली. ओशॉनेसी यांनी आरंभी जाड लोखंडी सळयाच वापरल्या. जाडी जास्त म्हणजे रोध कमी. जमिनीवर हा रांगडा उपाय चालून जाई, कारण बिघाड झालाच तर माणूस खांबाखांबाने चालत जाऊन तो शोधू शके. समुद्राखाली हा मार्ग बंद होता. १८५८ ची अटलांटिक केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. तिच्यावर अवाजवी दाब लादला गेला होता. भारताला जोडण्यासाठी तांबड्या समुद्रातून टाकलेली केबलही लवकरच मुकी झाली. प्रचंड भांडवल पाण्यात गेले. मोजमापाशिवाय पुढे जाता येणार नाही, हे त्यानंतर सर्वांना मान्य झाले.

९.
आता सन आणि गाव नीट पाहा. सन १८६१, गाव मँचेस्टर. त्या वर्षी ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन तेथे भरले. लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या केबल-अभियंत्यांनी विद्युत एककांची एकसंध पद्धत असावी आणि त्यांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत, असा निबंध मांडला. विल्यम थॉमसन यांच्या पुढाकाराने रोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती नेमली गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले होते. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि ज्या शहरात विद्वान रोधाच्या एककाची चर्चा करीत होते त्या शहराच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा होण्याची वेळ जवळ येत होती.

१०.
मँचेस्टरची नजर वळली ती वऱ्हाडकडे. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला होता. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी इंग्रजी दप्तरांत ‘वून’, म्हणजे वणी, या नावाने नोंदला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळाले. येथला कापूस बैलांच्या तांड्यांवर आणि गाड्यांतून बाहेर पडे, व्यापारात अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नाक हे खास कापूस आयुक्त नेमले गेले. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, आणि १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर राहिले. वऱ्हाडच्या एका गावापर्यंतच्या छोट्याशा शाखेसाठी व्हाइसरॉय का आले असतील, हे वेगळे सांगायला नको.

११.
इकडे लंडनच्या किंग्ज कॉलेजात १८६३-६४ या काळात मॅक्सवेल, जेनकिन आणि बॅल्फर स्ट्यूअर्ट फिरत्या वेटोळ्यांवर प्रयोग करून रोधाचे प्रमाण ठरवीत होते. १८६५ मध्ये प्लॅटिनम व चांदीच्या मिश्रधातूची प्रमाण वेटोळी तयार झाली आणि त्यांच्या प्रती तार खात्यांपर्यंत गेल्या. पुढे कळले की हे प्रमाण उद्दिष्टापेक्षा एक टक्क्याहून थोडे अधिक कमी भरले होते. तरी व्यवहार त्यावर चालला. १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपिअर यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

१२.
या एककाचा नित्याचा उपयोग पाहिला म्हणजे त्याचे मोल ध्यानात येते. समजा, केबलच्या दर मैलाचा रोध १० ओहम आहे आणि मध्ये कोठेतरी तारेचे आवरण फाटून ती समुद्राच्या पाण्याला भिडली आहे. किनाऱ्यावरच्या कारकुनाने रोध मोजला. तो २,३०० ओहम भरला. म्हणजे बिघाड २३० मैलांवर. जहाज नेमके तेथे न्यायचे, आकडा टाकून केबल वर ओढायची, दुरुस्त करायची. प्रत्यक्षात हिशेब याहून किचकट असे, पण तत्त्व एवढेच. चार्ल्स ब्राइट यांनी १८६४ मध्ये इराणच्या आखातातली केबल टाकली; १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबई-एडन केबल टाकली आणि त्या वर्षी मुंबई-लंडन सागरी मार्ग पूर्ण झाला. खामगावची शाखा आणि ही केबल एकाच वर्षातल्या. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तार करावी आणि काही आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस तेथील धक्क्यावर उतरावा, हे त्यानंतर शक्य झाले.

१३.
म्हणून मी म्हणतो, ओहम हे एकक एखाद्या तहनाम्यासारखे किंवा जमाबंदीच्या नोंदवहीसारखे वाचले पाहिजे. ते एका विशिष्ट गरजेतून, विशिष्ट काळी, विशिष्ट लोकांनी घडवले. तांब्याची लांब तार हे त्या काळचे सर्वांत महागडे विद्युत यंत्र होते, आणि तांब्याची तार सरळ रेषेत वागते. ज्या साधनावर साम्राज्याचे भांडवल गुंतले होते त्याचा स्वभाव सर्व वाहकांचा स्वभाव मानला गेला. सारांशाचा नियम झाला तो असा.

१४.
गंमत अशी की घराघरांत शिरलेला पहिला विद्युत पदार्थच या सरळ रेषेवर बसत नव्हता. आपल्या वडिलांच्या पिढीने पाहिलेला ६० वॅटचा पिवळा दिवा घ्या. २३० व्होल्टवर तो पूर्ण तापलेला असताना त्याच्या तंतूचा रोध सुमारे ८८० ओहम असतो. तोच दिवा विझवून, थंड करून मोजला तर रोध दहा ते पंधरा पटींनी कमी भरतो. टंगस्टन हा धातूच. स्थिर तापमानाला तो आज्ञाधारक. पण धारेने तो स्वतः तापतो आणि तापला की रोध वाढतो. दिवा बहुधा बटण दाबताक्षणीच का उडतो, याचे उत्तर येथे आहे: थंड तंतूतून पहिल्या क्षणी कितीतरी पट धारा धावते.

१५.
धातूंच्या पलीकडे तर रेषा सर्वस्वी मोडते. मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्येच नोंदवले होते की चांदीचे सल्फाइड तापवले की त्याचा रोध वाढण्याऐवजी घटतो. १८७४ मध्ये फर्डिनांड ब्राउन या तरुण शिक्षकाने दाखवले की गॅलेना, पायराइट अशा खनिजांतून एका दिशेने धारा सहज जाते आणि उलट दिशेने अडते. ओहमच्या नियमाला हा सरळ छेद होता. समकालीनांनी शंका घेतली: जोड सैल असेल, खडा अशुद्ध असेल. म्हणजे नियमाशी निरीक्षण जुळले नाही तेव्हा संशय निरीक्षणावर घेतला गेला. गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे खनिज. आपल्याकडच्या बाजारात सुरमा म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळदा हेच असते. डोळ्यांत घालायच्या काळ्या पुडीत पुढल्या शतकाच्या यंत्रांचे बीज होते, असे म्हणायला हरकत नाही.

१६.
या खनिजाला कामाला लावणारे एक नाव आपल्या ओळखीचे आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात अत्यंत लघु तरंगलांबीच्या विद्युतचुंबकीय लहरींवर प्रयोग केले. त्या लहरी टिपण्यासाठी त्यांनी धातूंचे आणि स्फटिकांचे सूक्ष्म स्पर्श वापरले आणि दाब बदलत नेऊन धारेचे वक्र आलेख काढले. गॅलेनाच्या ग्राहकासाठी त्यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला. १९०४ मध्ये पेटंट मिळाले. अशा स्पर्शाने लहर ओळखता येते ती त्याचा आलेख वाकडा असतो म्हणूनच. सरळ रेषेत वागणारी तार हे काम कधीही करू शकली नसती.

१७.
बोस यांच्याविषयी आपल्या समाजमाध्यमांवर एकच कथा फिरते: मार्कोनीने शोध चोरला. या कथेने आपला अभिमान सुखावतो, पण बोस यांचे काम झाकले जाते. बिनतारी संदेशवहनाच्या श्रेयाचा वाद हा पुष्कळ लोकांचा वाद आहे. बोस यांचे वेगळेपण त्या वक्र आलेखांत आहे: जे इतरांना दोष वाटत होते ते त्यांनी काळजीपूर्वक मोजले, गुणधर्म म्हणून नोंदवले आणि त्यावर उपकरण उभारले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हा मुद्दा सांगावा; चोरीची कथा सांगणारे पुष्कळ आहेत.

१८.
आता नावाकडे या. ‘अन-ओहमीय’ म्हणजे जे ओहमीय नाही ते. वस्तूची ओळख तिच्या अभावावरून. वऱ्हाडच्या कापसालाही हेच सोसावे लागले. लँकेशायरची यंत्रे अमेरिकेच्या लांब धाग्याला धरून बसवलेली. म्हणून आपला आखूड धाग्याचा देशी कापूस ‘हलका’ ठरला. येथल्या कोरडवाहू काळ्या जमिनीत तो टिकत होता, हा गुण त्या मोजपट्टीवर उमटलाच नाही. मोजपट्टी कोणाच्या कारखान्यात तयार झाली हे विचारल्याशिवाय ‘कमी’, ‘हलका’, ‘मागास’ हे शब्द स्वीकारू नयेत. यवतमाळला हे तिन्ही शब्द चिकटवले गेले आहेत.

१९.
यावर कोणी विचारील, मग ओहमचा नियम टाकून द्यायचा का? मुळीच नाही. धातूच्या तारेसाठी तो आजही विलक्षण अचूक आहे, आणि पुढचा हिशेब त्याच्याशिवाय करता येणार नाही. माझा आक्षेप नियमाला नाही. त्याची हद्द विसरण्याला आहे. प्रथम हद्दीच्या आतले एक उदाहरण. तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला तर तेवढीच वीज निम्म्या धारेने पोहोचते आणि तारेतली नासाडी चौथ्या हिश्श्यावर येते. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू केले आणि सुमारे ७० किलोमीटरवरच्या मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज दिली, ती सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने. वऱ्हाडचा कापूस जेथे कातला जाई त्या गिरण्यांच्या दारापर्यंत उच्च दाबाचे हे शहाणपण १९१५ मध्ये पोहोचले होते.

२०.
कापूस जेथे पिकतो त्या शेताचे काय? आपल्याकडे डीपीपासून पंपापर्यंत कमी दाबाची तार जाते, आणि पुष्कळदा ती लांबच लांब जाते. हिशेब मुद्दाम सोपा करतो. अशा ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १ ओहम धरा. पाच अश्वशक्तीची एक मोटार सुमारे ८ अँपिअर धारा घेते. किलोमीटरभर अंतरावर अशा पाच मोटारी एकदम चालू झाल्या तर ४० अँपिअर. ओहमच्या नियमाने तारेतच ४० व्होल्ट खर्ची पडले. फेजमागे २४० व्होल्ट हवे असताना शेवटच्या शेतात २०० च उरले. येथपर्यंत सरळ रेषा.

२१.
आता हद्दीबाहेरची गोष्ट. मोटार ही तार नाही. तार असती तर दाब कमी झाल्यावर तिने धाराही कमी घेतली असती, आणि प्रकरण तेथेच मिटले असते. पण विहिरीतून पाणी वर चढवण्याचे काम तेवढेच राहते, म्हणून दाब घटला की चालती मोटार अधिक धारा ओढते. दाब २४० वरून २०० वर आला तर धारा सुमारे एक पंचमांशाने वाढते. उष्णता वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट होते. वाढलेली धारा तारेत आणखी दाब खाते. दाब आणखी उतरतो, मोटार आणखी तापते. तारेचे सरळ वागणे आणि मोटारीचे वाकडे वागणे एकत्र आले की वेटोळ्याचा लाखेसारखा लेप करपतो. गावात म्हणतात, कॉइल गेली.

२२.
अशा वेळी सल्ला दिला जातो की कॅपॅसिटर बसवा, ऑटोस्विच काढून टाका. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. कॅपॅसिटरने तारेतली फुकटची धारा घटते. ऑटोस्विच असले की वीज येताच लाईनवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट धारा ओढते. पण ऑटोस्विच लावले का जातात, हेही विचारा. शेतीची वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. जेथे साप आहेत, रानडुकरे आहेत, काही भागांत वाघाचा वावर आहे, तेथे रात्री दोन वाजता बटण दाबायला शेतात जाण्याऐवजी माणसाने ऑटोस्विच लावले तर त्याला निष्काळजी म्हणायचे का? तारेची लांबी त्याने ठरवली नाही. विजेची वेळही त्याने ठरवली नाही. रिवाइंडिंगचे बिल मात्र त्याचे.

२३.
उपाय कधीपासून ठाऊक होता, हे वर आलेच आहे. उच्च दाबाची तार शेताजवळ न्यायची, एक-दोन पंपांना मिळून छोटे रोहित्र द्यायचे आणि कमी दाबाची तार अगदी आखूड ठेवायची. ही उच्चदाब वितरण प्रणाली महाराष्ट्रात शेतीपंपांच्या नव्या जोडण्यांसाठी २०१८ च्या सुमारास धोरण म्हणून आली. खोपोली १९१५, शेताचा बांध २०१८. कापसाच्या एका टोकाला जे शहाणपण मिळाले ते दुसऱ्या टोकाला पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली. खर्च, अंतर, विखुरलेली शेते ही कारणे खोटी नाहीत. पण १८७० मध्ये याच विखुरलेल्या शेतांतून कापूस बाहेर काढायचा होता तेव्हा अंतर कोणाला आड आले नव्हते.

२४.
आज त्याच शेतात सौर कृषिपंप उभे राहत आहेत. त्यांची निळी पटले म्हणजे अर्धवाहकांचे थर. ब्राउन आणि बोस यांनी पाहिलेला एकदिश स्वभाव त्यांच्या मुळाशी आहे. घरातला एलईडी दिवा अन-ओहमीय. डीपीवर वीज कोसळली तर तिला जमिनीत वाट करून देणारा अरेस्टरही अन-ओहमीय: नेहमीच्या दाबाला तो जवळजवळ बंद, प्रचंड दाब आला की क्षणात खुला. ज्यांना अपवाद म्हटले त्यांच्यावर आता दैनंदिन जीवन चालते. शाळेतल्या धड्यात मात्र त्यांना अजून शेवटच्या परिच्छेदातली एखादी ओळ मिळते.

२५.
इतिहासाच्या मित्रांना म्हणून माझी एक विनंती. गावाचा इतिहास लिहिताना वाडा, वतन, देऊळ आणि स्वातंत्र्यसैनिक यांच्याबरोबर तारेचीही नोंद घ्या. पहिली डीपी कोणत्या साली बसली, कोणाच्या शेतात बसली, तेथून शेवटचा पंप किती अंतरावर आहे, त्या शेवटच्या शेतकऱ्याची मोटार किती वेळा जळाली. हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत; जुनी बिले आणि रिवाइंडिंगवाल्यांच्या वह्याही सापडतील. लाईनच्या सुरुवातीला कोणाची शेते आहेत आणि टोकाला कोणाची, हे नकाशावर मांडून पाहा. ओहम यांच्या समीकरणात मुख्य राशी तारेची लांबी होती. आपल्या जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात ती राशी अद्याप कोणी भरलेली नाही. ती भरण्याचे काम आपले आहे.

थ्रेड समाप्त. मतभेद असल्यास आधारासह अवश्य मांडावेत. आपल्या गावातील पहिल्या डीपीचे साल ठाऊक असल्यास तेही खाली नोंदवावे.